प्रमाण ठरवायचं कोणी?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी जन्मभर ड्रॉइंग शिकवलं. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी राजकारणावर किंवा अध्यात्मावर बोललो असतो, तर ते त्यांना रुचलं नसतं. मी बोलणार आहे त्यांच्याच धंद्यातल्या एका गोष्टीवर: प्रमाण. साइटवर ज्याला आपण सगळे ‘स्केल’ म्हणतो, ते. प्रत्यक्षातली वस्तू कागदावर किती पट लहान किंवा मोठी करून दाखवायची, एवढाच त्याचा अर्थ. विषय रूक्ष वाटेल, पण तासभर सोसा. वाटेत चंद्र आहे, डिस्नेलँड आहे आणि हिंगणघाटही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचं आहे त्यांची सोय होईल. संगणक येण्याआधी प्रमाण हा ड्रॉइंगमधला पहिला निर्णय होता. संगणकाने तो शेवटचा केला. आणि शेवटी म्हणजे कधी? संध्याकाळी सात वाजता, साइटवरचा माणूस दारात उभा असताना, प्रिंट काढणाऱ्या पोराने जे निवडलं, ते त्या इमारतीचं प्रमाण. हे काही बरं झालेलं नाही.

आधी ड्रॉइंग बोर्डाकडे जाऊ. बोर्डावर कागद चिकटवला की पहिली रेघ मारायच्या आत एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागे. ए-वन कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा. समास आणि नावाची चौकट सोडली की हाताशी उरतो अंदाजे पाऊण मीटर. साठ मीटर लांबीची इमारत एकास शंभरला बसते, एकास पन्नासला बसत नाही. मग काय करायचं? दोन कागद घ्यायचे, की तपशील सोडायचा? हा वाद आधी व्हायचा, कारण तो टाळून पुढे जाताच येत नसे. आणि एकदा एकास शंभर ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरत जाई. नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिलिमीटरची, कागदावर २.३ मिलिमीटर. तिच्यावरचा १२ मिलिमीटरचा गिलावा? ०.१२ मिलिमीटर. ड्रॉइंगच्या पेनांच्या मानक मालिकेत सर्वांत बारीक रेघच ०.१३ ची. म्हणजे या कागदावर गिलावा दाखवायचा नाही, हे ड्राफ्ट्समनला कोणी सांगावं लागत नसे. पेनच सांगायचं.

कोणी असं समजू नका की मी बोर्डाकडे परत चला म्हणतोय. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून ज्यांची बोटं काळी झाली, ते असं कधी म्हणणार नाहीत.

आता संगणक. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड या तरुणाने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा काढून दाखवल्या. पडदा जेमतेम सात इंचांचा, पण चित्र सुमारे दोन हजार पट मोठं करून पाहता येई. सात इंच गुणिले दोन हजार: म्हणजे कागद जवळजवळ पाव मैल लांब आणि तेवढाच रुंद! पुढे १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि ही सोय टेबलावरच्या साध्या संगणकावर उतरली. सुरुवातीच्या वर्षांत त्याचं एक नमुना-ड्रॉइंग गाजलं होतं: सूर्यमालेचं. ग्रहांच्या कक्षांपासून सुरुवात करायची, जवळ जात राहायचं. पृथ्वी, मग चंद्र, चंद्रावरचं विवर, त्यात उतरलेलं यान आणि शेवटी यानावरची पाटी. पाटीवरचा मजकूर वाचता यायचा. सगळं एका फाइलीत.

त्या ड्रॉइंगचं प्रमाण काय होतं? काहीच नव्हतं. प्रत्येक वस्तू आपापल्या मापात. तोच पुढे सगळ्यांचा नियम झाला: संगणकात एकास एक काढा, लहान-मोठं करायचं ते छापताना बघू. नियम उत्तम आहे. त्याने लाखो गुणाकार-भागाकार वाचले. पण ‘छापताना बघू’ या दोन शब्दांत एक निर्णय पुढे ढकलला गेला, आणि पुढे ढकललेल्या निर्णयांचं आपल्याकडे काय होतं हे मी या सभागृहाला काय सांगावं!

पहिली अडचण एककाची. ऑटोकॅडमधली रेघ लांबी साठवते ती नुसत्या आकड्याच्या रूपात. भिंतीची जाडी २३०. २३० काय? ते काढणाऱ्याच्या डोक्यात. फाइल कोणत्या एककात आहे याची नोंद ठेवायची सोय आहे, ‘इन्सयुनिट्स’ नावाची: एक म्हणजे इंच, चार म्हणजे मिलिमीटर, सहा म्हणजे मीटर. ही नोंद बरोबर असली तर दुसऱ्याचं ड्रॉइंग आपल्यात घेताना आपोआप योग्य आकाराचं होतं. नोंद चुकीची असली, तरीही आपोआप होतं.

आपल्याकडे याची जोखीम जास्त, कारण आपल्या एकाच घरात पाच मापं नांदतात. जमीन गुंठ्यात. महापालिकेची मंजुरी चौरस मीटरमध्ये. फ्लॅटची बोलणी चौरस फुटात. वाळू-खडी ब्रासमध्ये. आणि सळई सुतात! दशमान मापांचा कायदा १९५६ चा. तरी आजही ड्रॉइंगवर १२ मिलिमीटर लिहिलेलं असतं आणि फिटर ओरडतो, ‘चार सूत घे रे!’ चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. सळई येते १२ चीच, नाव तेवढं जुनं राहिलं. माणसामाणसांत हे खपतं, कारण काय हवंय ते दोघांनाही ठाऊक असतं. फाइलीला कसं ठाऊक असणार?

एक उदाहरण जवळून बघू. सल्लागाराकडून इंचात काढलेलं ड्रॉइंग आलं. आपल्याला ते मिलिमीटरमध्ये हवं. ‘स्केल’ ही आज्ञा द्यायची आणि २५.४ टाइप करायचं, कारण एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. इंग्रजी बोलणाऱ्या प्रमुख देशांनी १९५९ मध्ये हे पक्कं केलं. पण तोंडी हिशेबात आपण सगळेच २५ धरतो. घाईत कोणी २५ टाइप केलं तर? तपासणारा तपासतो काय, तर दार. दार तीन फुटी, म्हणजे ३६ इंच. गुणिले २५: बरोबर ९००. खोलीचं दार ९०० मिलिमीटरचंच असतं, वा! शंभर फुटांची इमारत १,२०० इंच. गुणिले २५: बरोबर ३०,०००. तीस मीटर, झकास! खरा आकडा ३०,४८०. इमारत ४८ सेंटिमीटरने आखूड झाली, आणि चुकीचा प्रत्येक आकडा खऱ्या आकड्यापेक्षा गोल आणि देखणा आला. पडद्यावर काही खटकत नाही, कारण सगळंच सारख्या प्रमाणात लहान झालंय. म्हणून दारावर थांबू नका. प्लॉटवर टेपने मोजलेली सर्वांत लांब बाजू फाइलीत तपासा.

परदेशात हे होत नाही असं कोणाला वाटत असेल, तर तोक्योच्या डिस्नेलँडमध्ये चला. तिथल्या ‘स्पेस माउंटन’ या रोलर कोस्टरचा एक डबा डिसेंबर २००३ मध्ये रुळावरून घसरला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. चौकशीत काय निघालं? १९९५ मध्ये आसांचं माप इंचातून मिलिमीटरमध्ये आणलं होतं, पण जुनी ड्रॉइंग काढून टाकली नव्हती. पुढे २००२ मध्ये नवे आस मागवताना कोणीतरी जुनं ड्रॉइंग उघडलं. ४५ मिलिमीटरऐवजी ४४.१४ मिलिमीटरचे आस आले. एक मिलिमीटरसुद्धा नाही! फरक ०.८६ चा. खेळ सैल झाला, आस कंप पावत राहिला आणि एक दिवस तुटला.

दुसरी अडचण जुन्या कागदांची, आणि तिथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण बांधावरचे कितीतरी वाद तिथून निघतात. मोजणीची ‘क’ प्रत स्कॅन करायची, पडद्यावर घ्यायची आणि ‘रेफरन्स’ हा पर्याय वापरायचा: दोन बिंदू दाखवा, त्यांच्यातलं खरं अंतर टाइप करा, की सगळा नकाशा त्या हिशेबाने ताणला जातो. किती सोपं! पण कागद दमट हवेत फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि तेही दोन्ही दिशांना सारखं नाही. घडीच्या जागी वेगळाच. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर विचारूच नका. तुम्ही पूर्वेची बाजू जुळवली, म्हणून उत्तरेची जुळली असं होत नाही. लांबीत एक टक्का चूक झाली तर क्षेत्रफळात दोन टक्के होते. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. दहा गुंठ्यांत दोन टक्के म्हणजे जवळजवळ २१८ चौरस फूट. एक मोठी खोली झाली की! तेव्हा किमान दोन काटकोनातल्या बाजू आणि एक कर्ण मोजल्याशिवाय स्कॅनवर विश्वास ठेवू नका. कर्ण जुळला नाही तर नकाशा तिरका ताणलेला आहे, आणि तो एका आकड्याने सरळ होत नाही.

गुंठ्याला हे ३३ फूट आले कुठून? आपल्या जुन्या मोजणीच्या शंकू साखळीतून. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणि भागाचं नाव आणा. साखळी बाय साखळी एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. संगणकाच्या आधी मोजणीदार लोक साखळीच्या लांबीबद्दल किती जागरूक असत, त्याची साक्ष आपल्या विदर्भात आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीची पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली, आणि मोजताना तिच्या तापमानावर सतत लक्ष ठेवलं. कारण पोलाद दहा अंश सेल्सिअसने तापलं की शंभर फुटांत साडेतीन मिलिमीटर वाढतं. हा लॅम्बटन मोजणी पुढे नेता नेताच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. साडेतीन मिलिमीटरची चिंता करणारा माणूस! आणि आपण स्कॅन केलेल्या झेरॉक्सवर ‘रेफरन्स’ मारून मिलिमीटरच्या तीन दशांशापर्यंत माप लिहितो.

आता कागदाकडे. एकास एक काढलेल्या जगात एक वस्तू मात्र बिनमापाची आहे: अक्षर. दाराला रुंदी असते, भिंतीला जाडी असते, ‘स्वयंपाकघर’ या शब्दाची उंची किती? कागदावर वाचायला अडीच मिलिमीटर पुरे. म्हणजे एकास शंभरच्या ड्रॉइंगमध्ये ते अक्षर २५० मिलिमीटर उंच हवं, भिंतीच्या जाडीपेक्षा मोठं. तेच एकास पन्नासला छापायचं तर १२५. तुटक रेघांचंही तसंच. ‘एलटीस्केल’ हा त्यांच्या प्रमाणाचा आकडा चुकला की तुटक रेघ सलग दिसते आणि डोक्यावरचा बीम जमिनीवरची भिंत होऊन बसतो.

यावर १९९० मध्ये, अकराव्या आवृत्तीत, फार हुशार तोडगा निघाला: पेपर स्पेस. आत खऱ्या मापाची इमारत, बाहेर खऱ्या मापाचा कागद आणि कागदाला पाडलेल्या खिडक्या, म्हणजे व्ह्यूपोर्ट. एका खिडकीतून एकास शंभरने प्लॅन दिसतो, दुसऱ्या खिडकीतून एकास वीसने जिना. २००८ च्या आवृत्तीपासून अक्षरंही खिडकीचं प्रमाण ओळखून स्वतःचा आकार ठरवू लागली. याहून जास्त काय हवं? एवढंच हवं की खिडकीला कुलूप लावायला कोणी विसरू नये. व्ह्यूपोर्टच्या आत असताना माउसचं चाक बोटभर फिरलं की एकास शंभरचं एकास ९७.३ होतं. डोळ्यांना कळत नाही. आणि नावाच्या चौकटीत, कोणीतरी हाताने टाइप केलेलं, १:१०० तसंच असतं.

त्याच्या पुढचा घोटाळा छपाईचा. ए-वनची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर गेली, साइटजवळच्या दुकानात ए-थ्रीवर छापली गेली. लांबी बरोबर निम्मी झाली, प्रमाण एकास दोनशे झालं, कोपऱ्यातलं १:१०० जागचं हललं नाही. दुकानदाराने ‘फिट’वर टिचकी मारली असेल तर तेही नाही. मग एकास २०९ किंवा २१३, जे निघेल ते.

गंमत बघा, कागद लहान-मोठा होणार हे जुन्या मानकं ठरवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ए मालिकेचा एक कागद लांबी-रुंदीत पुढच्या कागदाच्या सुमारे १.४ पट. म्हणून पेनंही तशीच: ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. प्रत्येक आधीच्याच्या १.४ पट. अक्षरांची उंचीही तशीच: अडीच, साडेतीन, पाच, सात. ए-वनवर ०.५ ने मारलेली रेघ ए-टूवर आली की ०.३५ ची होते, आणि त्या लहान प्रतीत दुरुस्ती करायला ०.३५ चं पेन हाताशी असतंच. कोणी तरी बसून हा विचार केला होता. आज रेघांच्या जाड्यांची ती यादी सॉफ्टवेअरमध्ये आयती असते, आणि तिच्यातले आकडे असे का, हे मुलांना कोणी सांगत नाही.

‘ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेलं माप ग्राह्य धरावं’ अशी एक ओळ प्रत्येक ड्रॉइंगवर असते. ओळ बरोबरच आहे. पण खरं सांगा, ती सूचना आहे की हात झटकणं? मुकादमाला हवं ते माप लिहायचं राहून गेलं असेल, स्लॅब भरायची गाडी वाटेत असेल, तेव्हा तो काय करणार? पट्टीच लावणार. त्याने पट्टी लावली तर निदान उत्तर बरोबर यावं, ही जबाबदारी ड्रॉइंग काढणाऱ्याची आहे असं माझं ठाम मत आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठा. प्रमाण ठरवताना आपण नेमकं काय ठरवतो? किती बोलायचं ते ठरवतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. सात मीटर रुंदीचा रस्ता मापात काढला तर ०.१४ मिलिमीटर होईल, जेमतेम दिसेल. म्हणून नकाशा काढणारा तो जाड काढतो आणि त्याच्या कडेची घरं किंचित सरकवतो. त्या प्रमाणाला हेच खरं, कारण त्या नकाशाला रस्ता कुठे जातो हे सांगायचं आहे, त्याची रुंदी नाही.

इमारतीत याच्या उलट. छज्ज्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी एक बारीक खाच असते, १२ मिलिमीटरच्या आसपास. एकास शंभरला तिची खूणही उमटत नाही. एकास पाचला ती अडीच मिलिमीटरची दिसते आणि सेंटरिंगवाल्याला कळतं की इथे पट्टी ठोकायची आहे. ती खाच नसली तर रत्नागिरीच्या पावसात पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरळ भिंतीत जातं. बोर्डावर काम करणाऱ्याला एकास पाचचा स्वतंत्र कागद घ्यावा लागे, आणि कागद समोर आला की प्रश्न पडे: आता या मापाला मला काय काय ठाऊक असायला हवं? पडद्यावर हा प्रश्न पडत नाही. तिथे छज्जा जवळ आणला तरी त्या दोन रेघाच असतात, फक्त लांब झालेल्या. जवळ गेल्याने तपशील वाढत नाही, तो कोणीतरी विचार करून काढावा लागतो.

आणि जिथे नको तिथे मात्र तपशिलाचा महापूर! कंपनीच्या वेबसाइटवरून नळाचा ब्लॉक, म्हणजे तयार चित्र, उतरवला. त्यात आटे आहेत, वॉशर आहेत, मुठीवरच्या खाचा आहेत. एकास शंभरच्या न्हाणीघरात तो दोन मिलिमीटरचा काळा ठिपका होतो. असे चाळीस नळ, चाळीस कमोड, आणि फाइल उघडायला चहा पिऊन यावं लागतं. रेविटसारख्या नव्या सॉफ्टवेअरने यावर उपाय केला आहे: ढोबळ, मध्यम आणि बारीक अशा तीन पातळ्या, प्रमाणाप्रमाणे बदलणाऱ्या. ढोबळ पातळीला भिंत दोन रेघांची, बारीक पातळीला तिचे थर दिसतात. सोय चांगली आहे. पण कोणत्या पातळीला काय दिसावं हे आधी कोणीतरी ठरवून भरावं लागतं. ते ठरवणाऱ्याला बोर्डावरचाच विचार करावा लागतो.

समोर शिक्षक बसले आहेत, आयटीआयचे आहेत, पॉलिटेक्निकचे आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पहिल्या सत्रात मुलांना एकच खिडकी तीन वेळा काढायला लावा: एकास शंभर, एकास वीस, एकास पाच. संगणकावरच काढू द्या, पण तीन वेगळ्या फाइलींत, आणि जवळ-लांब करायचं चाक बंद. प्रत्येक वेळी काय गाळलं आणि का, हे तोंडी विचारा.

आणि जे ड्रॉइंग काढून उपजीविका करतात त्यांना दुसरी विनंती: आकड्यात लिहिलेल्या प्रमाणाशेजारी मीटरची आखीव पट्टी काढा, शून्य, एक, दोन, पाच अशी. कागद लहान झाला की ती पट्टीही तेवढीच लहान होते, म्हणून ती कुठल्याही प्रिंटवर खरी ठरते. व्ह्यूपोर्टला कुलूप लावा. फाइल देताना ती कोणत्या एककात आहे ते फाइलीच्या नावातच लिहा. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की चालू कामाच्या पहिल्या ड्रॉइंगपासून सुरुवात करा. पट्टी काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत.